दोनच्या भोंग्याची गोळी

घेतली, सिस्टर.

त्या दिवशी मी तुमच्या दारातून पाय आपटत निघाले, तेवढ्यात पोलादाच्या प्लांटचा दोनचा भोंगा झाला आणि तुम्ही मागून विचारलंत, "मंदे, घेतली काय?" मी वळून पाहिलं नाही की उत्तर दिलं नाही. घरी जाऊन गोळ्या घेतल्या, पण ते तुम्हाला सांगायला गेले नाही. म्हटलं, राहू देत चार दिवस काळजीत. पुढच्या आठवड्यात स्वतःच येऊन सांगीन, आणि भांडणाचं जे काय आहे तेही मिटवीन. पुढच्या आठवड्यात तुमचं हृदय बंद पडलं.

काल तुमचं तेरावं झालं. म्हणून आज सगळ्यात आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. त्या दिवशी घेतली होती. त्यानंतर रोज घेतली, सहाच्या, दोनच्या, दहाच्या भोंग्याला. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं त्या दुपारीसुद्धा घेतली, आणि त्यावरून जे रामायण झालं ते पुढे सांगते. तुम्ही असतात तर हसून हसून तुमचा चष्मा नाकावरून घसरला असता.

तेरा दिवस मी एकच शब्द ऐकते आहे, देवमाणूस. सिस्टर म्हणजे देवमाणूस होत्या. मी मान हलवते आणि मनात म्हणते, तुम्हा लोकांना द्वारकासिस्टर भेटल्याच नाहीत वाटतं. देवमाणसाला खोटं सांगितलं तर तो क्षमा करतो. तुम्हाला खोटं सांगितलं की तुम्ही आधी चहा ठेवायच्या आणि मग उलटतपासणी सुरू करायच्या.

आपली पहिली भेट तशीच झाली, आठवतं? मी चौदा वर्षांची होते. पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. सेक्टरात क्वार्टरांच्या रांगा उठत होत्या, आणि आमच्या रांगेपुढे नालीसाठी खणलेला लांबच लांब चर तसाच उघडा पडला होता. तो चर पुढे कामाला आला. वर्षभर मला परसाकडला रक्त पडत होतं. दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागे, वजन उतरलेलं, आणि हे बोलायचं कुणाशी? मुलीच्या जातीला पोट असतं हे कबूल, पण पोटाच्या पुढे काही असतं हे आमच्या घरात कुणी तोंडाने उच्चारलं नसतं. आईने बेलाचा मुरब्बा दिला, इसबगोल दिला, नजर काढली. शेवटी बाबांनी नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. हा आजार जाणारा नाही, पण गोळ्या रोज घेतल्या तर दबून राहील. सोडल्या तर पुन्हा उठेल. फार वाढला तर आतडं कापून काढावं लागेल, आणि मग पोटाला भोक पाडून पिशवी बांधावी लागेल. आई तिथल्या तिथे खाली बसली.

गोळ्या मोठ्या होत्या, पिवळ्या, एका वेळी दोन, दिवसातून तीनदा. घेतल्या की मळमळायचं. तेही चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर लघवी नारंगी! मला वाटलं, गोळ्यांनी आतून सडायला लागले मी. विचारणार कुणाला? शिवाय महिनाभरात रक्त थांबलं, मला बरं वाटायला लागलं. बरं वाटणाऱ्या माणसाने औषध कशाला घ्यायचं, हे मला आजही कुणी नीट पटवून देऊ शकणार नाही. आईसमोर गोळ्या जिभेखाली धरायच्या, बाहेर जाऊन चरात थुंकायच्या आणि पायाने माती लोटायची, असा माझा कारभार सुरू झाला.

दीड महिन्याने पुन्हा रक्त दिसलं. आई मला सेक्टरातल्या दवाखान्यात घेऊन आली. तुम्ही आईला केसपेपर काढायला पाठवलंत आणि मला बाकावर बसवून अगदी सहज विचारलंत, "लघवीले कसा रंग येऊन राहिला?"

मी ऐटीत म्हटलं, "साधाच. पाण्यासारखा."

"अस्सं?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "मंग गोळ्या कोणाले खाऊ घालून राहिली वं तू?"

त्या औषधाने लघवी नारंगी होतेच, व्हायलाच पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले. आता ही बाई आईला सांगणार, आई बाबांना सांगणार, माझं काही खरं नाही. आई कागद घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, "औषधानं लघवीचा रंग कावून बदलते ते पोरीले कोणी सांगितलंच नाई. भ्यायली थे. चूक आमची हाय." बस्स. चराचं नाव काढलं नाहीत. त्या दिवसापासून मी तुमची झाले.

निघताना माझ्या कानाशी मात्र म्हणालात, "चुकली तर सांगजो. मी रागावत नाई. पण लपवलं तर मी आंधळी होऊन जातो, अन् आंधळीच्या हातानं औषध देता येत नाई." ही एवढी अट. शपथ नाही, देवासमोर हात ठेवणं नाही. मला मोठ्या माणसांनी तोवर असं कधी वागवलं नव्हतं.

मग मी खरंच घ्यायला लागले. रंगही यायला लागला, मी तुम्हाला येऊन सांगायची, आणि तुम्ही मेडल मिळाल्यासारखी मान डोलवायच्या. तरीही दर तिसऱ्या आठवड्याला पोट बिघडायचंच. मळमळ, उलट्या, मग दुखणं. डॉक्टर म्हणाले पोरगी पुन्हा टाळते आहे. आई म्हणाली नजर. तुम्ही म्हणालात, "पोरगी खोटं नाई बोलून राहिली. मी घरी येऊन पाहतो."

तुम्ही आलात तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आईने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला सिस्टर, आमची सकाळ व्हायची हाय अजून."

तुम्ही उन्हाकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत, आणि दारातच हसत सुटलात. आईला काही कळेना. बाबा टाइम ऑफिसात क्लार्क. साऱ्या प्लांटच्या येण्याजाण्याची वेळ ते लिहायचे, आणि आमच्या घरात वेळेचाच पत्ता नव्हता. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदले, आणि घर त्यांच्या शिफ्टवर चाले. बाबा उठले की सकाळ, बाबा जेवले की दुपार. रात्रपाळीच्या आठवड्यात आमची सकाळ दुपारी तीनला व्हायची. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, सकाळी, दुपारी, रात्री, खाल्ल्यावर. आई इतकी काटेकोर की एक वेळ चुकवत नव्हती! तीनला सकाळच्या दोन, पाचला दुपारच्या दोन, बाबा डबा घेऊन नऊला निघायच्या आधी रात्रीच्या दोन. सहा तासांत सहा गोळ्या माझ्या पोटात, अर्ध्या उलटून बाहेर, आणि पुढचे अठरा तास काहीच नाही.

आईची मान खाली गेली. तुम्ही तिच्या शेजारी जमिनीवर बसलात. "वहिनी, तुम्ही काई चुकल्या नाई. कागद लिहिणाऱ्याच्या घरी शिफ्ट नाई, येवढंच." आणि मग मला विचारलंत, या घरात असं काय आहे जे बाबांच्या शिफ्टबरोबर बदलत नाही. मी विचार करत बसले, आणि तेवढ्यात दोनचा भोंगा झाला.

सहा, दोन आणि दहा. बाबा झोपलेले असोत की जागे, भोंग्याला फरक पडत नव्हता. सहाला शाळेच्या आधी दशमीचा तुकडा आणि गोळ्या, दोनला शाळेतून आल्यावर, दहाला दूधभाकर खाऊन. दर तिसऱ्या आठवड्याचं दुखणं दोन महिन्यांत गेलं. नागपूरच्या डॉक्टरांना बाबांनी हे पत्राने कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडे भोंगा नाही, बाकी ठीक. बाबा ते पत्र महिनाभर सगळ्यांना दाखवत होते.

शाळेचंही तुम्हीच पाहिलंत. हेडमास्तरीणबाईंकडे स्वतः गेलात, आजाराचं नाव न घेता माझी जागा दाराजवळच्या बाकावर करून घेतलीत, आणि मी न विचारता वर्गातून उठून जाऊ शकते असं ठरवून आलात. पुढे पंधरावं लागलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून आईला म्हणालात, "आता डबा पोरीच्या हाती द्या." आई तयार नव्हती. तेव्हा तुमच्या ड्यूटीवर जसा चार्ज देतात तसा तुम्ही देववलात. आईने गोळ्या मोजून दाखवायच्या, मी मोजून घ्यायच्या, आणि त्यापुढे आईने विचारायचं फक्त रविवारी. पहिल्या रविवारी दोन गोळ्या जास्त भरल्या. म्हणजे एक वेळ चुकली होती. मी स्वतः येऊन सांगितलं. तुम्ही खरंच रागावला नाहीत. म्हणालात, "बरं झालं, सांगितलं. कोणती वेळ चुकली? मंग त्या वेळेचंच काई करू." दहाची चुकली होती, अभ्यास करता करता डोळा लागला म्हणून. त्यानंतर दहाच्या गोळ्या मी भूगोलाच्या पुस्तकावर ठेवायला लागले. भूगोल उघडला की झोप यायची, तेव्हा ती जागा बरोबर होती.

मॅट्रिक झाले. प्राथमिक शाळेत नोकरी लागली. आतडं पोटात जागच्या जागी आहे. या सगळ्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही हेही खरं.

आता भांडणाकडे येते. टाळून चालणार नाही.

कुम्हारी स्टेशनावरचा मधुकर, असिस्टंट स्टेशन मास्तर, नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांचा मुलगा. त्याचं स्थळ आलं. त्याची आत्या आपल्याच सेक्टरात राहते, तिने जुळवून आणलं. बघणं झालं, पसंती झाली. आई म्हणाली, आजाराचं एक अक्षर काढायचं नाही. मला ते पटलं. खरं सांगते सिस्टर, मला ते फार पटलं. मधुकर मला आवडला होता.

तुम्हाला सांगायला आले ते पेढे घेऊन, आणि तुम्ही पेढा हातात तसाच धरून विचारलंत, "त्याले सांगितलं?"

"नाही. आणि सांगणार नाही."

"मंग गोळ्या कुठं ठेवशील तिकडं?"

"ठेवीन कुठेतरी. ट्रंकेत."

"ट्रंकेतली गोळी चुकते, मंदे. सासू समोर असली की चुकते, पाहुणे आले की चुकते. तू चरात थुंकत होती तशीच होऊन जाईल पुन्हा." मग तुम्ही नंदिनी गावातल्या सुशीचं नाव काढलंत. सुशी तेरा वर्षांची, तिलाही हाच आजार, तिचे वडील चुनखडीच्या खाणीवर. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तिला माझ्याकडे धाडलं होतंत. "त्या लेकराले तू शिकवून राहिली, लपवू नको म्हणून. अन् आता तूच?"

ते इतकं खरं होतं की मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "तुमचं लग्न झालं नाही, सिस्टर. तुम्हाला काय कळणार."

तुम्ही पेढा बशीत ठेवलात. मी उठले, पाय आपटत निघाले, आणि भोंगा झाला. एवढं लागेल असं बोलून निघालेल्या पोरीला तुम्ही मागून काय विचारावं? घेतली काय.

ते वाक्य मी परत घेते. हे तुमच्या कानापर्यंत आता जाणार नाही, तरी घेते. मला माफ करा. तुम्हाला सगळं कळत होतं.

आता त्या दुपारचं. तुमचे भाऊ नागपूरहून यायचे होते आणि गाडी लेट होती, म्हणून तुम्हाला अंगणात ठेवून सगळे बसून होते. मयताच्या घरी चूल नाही, उचलेपर्यंत कुणाच्या तोंडात घास नाही, हे मला काय कुणी शिकवायला हवं? मी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा नसलेल्या तुम्ही मला ओळखू येत नव्हता. पण विचारलंत तुम्ही, माझी खात्री आहे.

रिकाम्या पोटी गोळ्या उलटतात. मी मागच्या दारी गेले. तुमच्याकडे काम करणारी बिसाहिन पायरीवर रडत बसली होती. तिला माझी वेळ ठाऊक. तिने पदराच्या गाठीतले मुरमुरे माझ्या ओंजळीत ओतले. "खा ले नोनी. तोर सिस्टर हा गुसियाही." खा पोरी, नाहीतर तुझ्या सिस्टर रागावतील, म्हणाली. मी रडत होते आणि मुरमुरे चावत होते, आणि हात धुवायला म्हणून मधुकरची आत्या मागच्या दारी आली.

"बाप्पा! मयत अंगणात हाय, अन् तू खाऊन राहिली वं?"

ती काय हळू बोलते! दोन्ही दारं सताड उघडी, सगळं अंगण वळलं. आई धावत आली. "चक्कर आली जी तिले, सकाळपासून उपाशी हाय..."

चक्कर आली म्हणून निभावलं असतं. हातात दोन पिवळ्या गोळ्या होत्या, मूठ मिटायचा अवकाश होता. पण सिस्टर, तुम्ही समोर होता. तुम्हाला आंधळं करायचं नाही, एवढीच तर अट होती. मी मूठ उघडली.

"चक्कर नाई आली, माय. औषध हाय हे. माझ्या आतड्याचा आजार हाय, जन्माचा. दोनच्या भोंग्याले गोळी लागते, अन् उपाशीपोटी चालत नाई. सिस्टरनंच लावून देल्ली."

आणि मी सगळ्यांच्या देखत गोळ्या घेतल्या. आई तेव्हापासून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, झालं, स्थळ गेलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण गोळ्यांचा डबा लग्नासाठी भरायला घेतलेल्या ट्रंकेतून काढून फडताळावर ठेवला तेव्हा हात हलका झाल्यासारखा वाटला, तेही खरं.

रविवारी मधुकर आला, एकटाच. आईला वाटलं, नकार सांगायला. बाबा पेपर उलटा धरून बसले. मधुकर मला म्हणाला, "आत्या म्हणत होती ते खरं हाय काय?" मी सगळं सांगितलं. रक्त, नागपूर, नळी, गोळ्या, कधी उठला तर काय होऊ शकतं ते, आणि लपवणार होते तेही. चहा निवला. मग त्याने विचारलं, "भोंग्यावर घेता म्हणे तुम्ही."

"हो."

"कुम्हारीले तर भोंगा ऐकू नाई येत." तो खरोखरच काळजीत पडला होता. "मंग कसं करायचं?"

सिस्टर, मी उठून थेट तुमच्याकडे निघाले होते. फाटकापर्यंत गेले, तेव्हा आठवलं.

परत आले तर बाबा आणि तो गाड्यांची वेळ लावत बसले होते. सहाच्या सुमाराला अमुक पॅसेंजर, दोनला तमुक मालगाडी. बाबा म्हणाले गाड्या लेट होतात, आणि मधुकर रेल्वेवाला असून हे त्याला मान्य करावं लागलं. आई पदराने डोळे पुसत आत गेली आणि पुन्हा चहा ठेवला. ती माझ्याशी बोलली ती अशी, "आतापासूनच सांगून ठेव, त्याच्या नाइट ड्यूटीवर घर नाई चालवायचं म्हणा."

सुशीजवळ हे सगळं बोलले. ती काल तेराव्याला आली होती, जेवणाआधी स्वतःचा डबा काढून सगळ्यांसमोर ताटाशेजारी ठेवून बसली. असं कर म्हणून मी सांगितलं नव्हतं तिला. तुमचे भाऊ विचारायला लागले की हे काय, तर तिने न लाजता सांगितलं. तुमचं माणूस म्हणून मला तिथे फार मिरवावंसं वाटलं.

मधुकरही आला होता. येताना गजराचं घड्याळ घेऊन आला. आज दुपारी मी ते दोनला लावून पाहिलं. ते भोंग्याच्या आधीच वाजलं. मुरमुरे खाऊन झाले होते, गोळ्या हातात होत्या, पाण्याचा पेला समोर होता. कुम्हारीला गेल्यावर घड्याळ वाजलं की लगेच घेईन, थांबणार नाही. आज थांबले. भोंगा झाला.

घेतली, सिस्टर.